नक्षत्रांचे देणे : पत्रिकेतले पंचम स्थान आणि आरती प्रभूंचे आयुष्य

एखादे मूल लहानपणीच चित्रे काढू लागले, गाऊ लागले किंवा यमके जुळवू लागले, की घरातले मोठे माणूस सहज बोलून जाते की हे त्याने जन्मतःच आणले आहे. ज्योतिष मानणाऱ्या घरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो. पत्रिकेत पंचम स्थान कसे आहे? कारण बुद्धी, कला, प्रेम आणि संतती या चारही गोष्टी ज्योतिषी त्याच घरातून पाहतात.

कोकणच्या किनाऱ्यावर, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, असाच एक माणूस जन्माला आला. चिंतामण त्र्यंबक खानोलकर. कविता लिहिताना आरती प्रभू आणि कादंबरी, नाटक लिहिताना चिं. त्र्यं. खानोलकर. उणीपुरी ४६ वर्षे जगलेल्या या माणसाने दैव, वरदान आणि शाप यांच्याविषयी जितके लिहिले तितके मराठीत फार थोड्यांनी लिहिले आहे. त्यांच्या शेवटच्या कवितासंग्रहाचे नावच ‘नक्षत्रांचे देणे’ आहे. पंचम स्थान नेमके काय सांगू पाहते आणि कुठे थांबते, हे समजून घ्यायला त्यांच्या आयुष्याइतके चांगले उदाहरण सापडणे अवघड आहे.

पंचम स्थान म्हणजे काय?

जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर जी रास उगवत असते तिला लग्न म्हणतात. आपल्याकडच्या कुंडलीत वरच्या मधल्या घरात लग्न मांडतात. तिथून डावीकडे उतरत मोजत गेले की पाचवे घर येते. तेच पंचम स्थान. पहिले, पाचवे आणि नववे ही तीन घरे मिळून त्रिकोण होतो आणि तो शुभ मानला जातो.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहज्जातक’ या ग्रंथात या घराचे नाव पुत्र असे आहे. म्हणजे मुळात हे संततीचे घर. पुढे परंपरेने त्यात विद्या, बुद्धी, मंत्र आणि पूर्वपुण्य यांची भर घातली. पूर्वपुण्य म्हणजे मागच्या जन्मीची शिल्लक. माणूस येताना जे गाठीला बांधून आणतो ते या घरात दिसते, अशी समजूत आहे. गुरू हा या घराचा कारक ग्रह.

प्रेम आणि कला या घरात ठळक झाल्या त्या जुन्या भारतीय ग्रंथांपेक्षा पाश्चात्त्य ज्योतिषामुळे. ग्रीक ज्योतिषात पाचव्या घराला सुदैवाचे घर म्हणत आणि शुक्र तिथे आनंदात असतो असे मानत. विसाव्या शतकात तिकडे या घराला प्रणयाचे आणि सर्जनाचे घर ही ओळख मिळाली. वर्तमानपत्रांतल्या राशिभविष्यांतून आणि पुस्तकांतून ती आपल्याकडे रुळली. म्हणून आजचा मराठी ज्योतिषी लग्न सातव्या घरावरून पाहतो, पण प्रेम पाचव्यावरून. प्रेमविवाहाचा योग सांगताना तो पाचव्या आणि सातव्या घराच्या स्वामींचा संबंध शोधतो.

मूल, कविता आणि प्रेम एकाच घरात का, याचे उत्तर साधे आहे. तिन्हींत माणसातून काहीतरी नवे बाहेर येते. तिन्हींवर त्याचा पूर्ण ताबा नसतो. आणि तिन्हींबद्दल लोक म्हणतात की ते नशिबात असावे लागते.

बागलांची राई

खानोलकरांचा जन्म ८ मार्च १९३० रोजी वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई या गावी झाला. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात नव्हता. तो रत्नागिरीतून वेगळा झाला तो १९८१ मध्ये, म्हणजे खानोलकर गेल्यानंतर पाच वर्षांनी. त्यांच्या आयुष्यभर हा सगळा मुलूख दक्षिण रत्नागिरी म्हणूनच ओळखला जाई.

राई म्हणजे दाट झाडी. माड, पोफळी, फणस, आंबा, मधूनच काजू आणि जांभ्या दगडाचे सडे. पलीकडे समुद्र. रेल्वे नव्हती. कोकण रेल्वे धावू लागली ती १९९८ मध्ये. पावसाळ्यात चार महिने समुद्र बंद आणि रस्ते चिखलाचे. संध्याकाळ झाली की समई आणि कंदील.

या मुलखात दैव ही चर्चेची गोष्ट नव्हती, ती रोजच्या व्यवहाराची गोष्ट होती. गावाचा राखणदार असतो. कामाला हात घालण्याआधी देवाला गाऱ्हाणे घालतात. देवळात कौल लावतात आणि उजवा-डावा पाहून निर्णय घेतात. वेंगुर्ले तालुक्यातच आरवलीचा वेतोबा आहे. रात्री तो गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा असल्याने त्याला चामड्याच्या वहाणा अर्पण करतात. जत्रेत रात्रभर दशावतार चालतो. पेट्रोमॅक्सच्या उजेडात देव आणि राक्षस बोलतात, आणि पहाटे तोच राजा तोंडावरचा रंग पुसून घरी चालत जातो.

खानोलकरांच्या लिखाणात पुढे जे जे आले त्याचा कच्चा माल इथला आहे. देवळातला पुजारी, बोलू नये ते बोलून जाणारी म्हातारी, भर दुपारी ओसाड वाटणारी घाटी, विहिरीचा काठ. त्यांनी हा परिसर बाहेरून पाहिलेला नव्हता. ते त्यात वाढले होते.

कुडाळची खाणावळ

शिक्षण फारसे पुढे गेले नाही. पोटासाठी त्यांनी कुडाळला खाणावळ चालवली. पोटापाण्याच्या धंद्यात कवीला जे भोगावे लागते ते सगळे त्यांच्या वाट्याला आले. सकाळी बाजार, दुपारी पंगती, संध्याकाळी उधारीची वही. गिऱ्हाईक जेवून जाते, पैसे पुढच्या महिन्यात देतो म्हणते, आणि वाणी मात्र थांबत नाही. या धंद्याने त्यांना पैसा दिला नाही.

पण याच वर्षांत कविता आली. १९५४ मध्ये ‘सत्यकथा’ मासिकात ‘शून्य शृंगारते’ ही त्यांची कविता छापून आली. ‘सत्यकथा’ हे तेव्हाचे मराठी साहित्याचे सर्वांत चोखंदळ मासिक होते. तिथे कविता येणे म्हणजे मराठी कवितेच्या दारातून आत येणे. कवीचे नाव होते आरती प्रभू. मुंबई-पुण्याच्या वाचकाला हे कोण, बाई की पुरुष, कुठले, काहीच माहीत नव्हते. दक्षिण कोकणातल्या एका खाणावळीचा मालक हे लिहितो आहे, अशी कल्पना कोणी केली नसेल.

इथे ज्योतिषाकडे पुन्हा वळून पाहायला हवे. पंचम स्थान बलवान असले की बुद्धी आणि कला मिळते, असे शास्त्र सांगते. पण पैसा पाहायचा तो दुसऱ्या आणि अकराव्या घरातून, नोकरी-धंदा दहाव्यातून. म्हणजे प्रतिभा आणि पोट यांची घरे शास्त्रानेच वेगळी ठेवली आहेत. एका घराचे देणे दुसऱ्या घराच्या उपयोगी पडेल याची हमी नाही. कुडाळच्या त्या खाणावळीत ही दोन्ही घरे रोज एकमेकांसमोर उभी राहत असणार.

मुंबईची सतरा वर्षे

१९५९ मध्ये खानोलकर मुंबईला आले. त्याच वर्षी ‘जोगवा’ हा पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांचे वय २९ होते. काही काळ त्यांनी आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात नोकरी केली. पण स्थिर उत्पन्न आणि निवांतपणा त्यांच्या वाट्याला फारसा आला नाही. संसार होता, मुलेबाळे होती, आणि लिहायचे थांबत नव्हते.

पुढच्या सतरा वर्षांत जे लिहून झाले त्याची नुसती यादीही दमवणारी आहे. १९६२ मध्ये ‘दिवेलागण’ हा दुसरा कवितासंग्रह आणि ‘रात्र काळी घागर काळी’ ही कादंबरी. नंतर ‘अजगर’, ‘कोंडुरा’, ‘त्रिशंकू’, ‘गणुराय आणि चानी’ या कादंबऱ्या. ‘सनई’ आणि ‘राखी पाखरू’ हे कथासंग्रह. १९६६ मध्ये रंगायनने विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणलेले ‘एक शून्य बाजीराव’. मग ‘सगेसोयरे’, ‘अवध्य’, ‘कालाय तस्मै नमः’. ब्रेश्टच्या ‘कॉकेशियन चॉक सर्कल’वर आधारलेले ‘अजब न्याय वर्तुळाचा’. आणि १९७५ मध्ये ‘नक्षत्रांचे देणे’.

या पुस्तकांतल्या माणसांकडे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. जवळपास प्रत्येकाला जन्मतः काहीतरी मिळालेले आहे, आणि तेच त्याच्या जिवावर उठले आहे.

‘रात्र काळी घागर काळी’मधल्या स्त्रीला विलक्षण सौंदर्य मिळाले आहे. ते सौंदर्य तिला सुख देत नाही, भोवतालच्या माणसांनाही देत नाही. ‘चानी’तल्या मुलीला सोनेरी केस आणि निळे डोळे मिळाले आहेत, कारण तिच्या आईवर एका गोऱ्या माणसाने अत्याचार केला होता. गावाला ती मुलगी हवीशीही वाटते आणि नकोशीही. तिच्या रूपाचे वेड सगळ्यांना, पण तिला घरात घ्यायला कोणी तयार नाही. व्ही. शांताराम यांनी १९७७ मध्ये या कथेवर चित्रपट केला. चानीची भूमिका रंजना यांनी केली.

ज्योतिषाच्या भाषेत ही सगळी पंचमाची आणि शुक्राची फळे. रूप, आकर्षण, प्रेम, संतती. खानोलकर दाखवतात की फळ मिळणे आणि ते फळ पचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोंडुरा : वरदानाची किंमत

वेंगुर्ले तालुक्यात कोंडुरा नावाचा समुद्रकिनारा आहे. १९६६ च्या कादंबरीने ते नाव महाराष्ट्रभर नेले. १९७८ मध्ये श्याम बेनेगल यांनी त्यावर हिंदी चित्रपट केला. त्याच वेळी तो तेलुगूतही झाला. तिथे त्याचे नाव होते ‘अनुग्रहम्’, म्हणजे कृपा.

चित्रपटातली गोष्ट अशी. परशुराम नावाचा साधा, घरात किंमत नसलेला माणूस अपमान सहन न होऊन समुद्राकडे निघून जातो. तिथे त्याला कोंडुऱ्याचा साक्षात्कार होतो आणि एक मुळी मिळते. त्या मुळीत गर्भ पाडण्याची शक्ती असते. अट एकच, त्याने ब्रह्मचर्य पाळायचे. त्याची बायको घरात आहे, तरुण आहे, आणि आता नवरा तिच्यापासून दूर झाला आहे. गावात त्याचा मान वाढतो. लोक पायावर डोके ठेवू लागतात. देवीचे संकेत आपल्याला कळतात असे त्यालाही वाटू लागते. मग जमीनदाराच्या घरातली सून गरोदर असल्याचे त्याला समजते. हा गर्भ पापाचा आहे असा संशय तो धरतो आणि मुळी देतो. संशय खोटा निघतो.

पंचम स्थानाची यादी आठवून पाहा. मंत्रसिद्धी, पूर्वपुण्य, प्रेम, संतती. परशुरामाला मंत्रसिद्धी मिळते आणि तिच्या मोबदल्यात प्रेम जाते. पुण्यवान ठरल्यावर तो दुसऱ्याची संतती संपवतो. एकाच घरातल्या चार गोष्टी एकमेकींवर उलटतात.

मुळी खरी होती की नव्हती, या वादात गोष्ट अडकत नाही. तिचा रोख दुसरीकडे आहे. परशुरामाला संकेत मिळतात, पण त्यांचा अर्थ तो स्वतः लावतो. अर्थ लावताना त्याचा जुना अपमान, त्याचा अहंकार आणि दुसऱ्याच्या घराबद्दलचा संशय मधे येतो. भविष्य पाहणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट लागू होते. मुलीच्या पत्रिकेत पंचमात शनी दिसला म्हणून तिला संतती होणार नाही असे ठरवून स्थळ नाकारणारी घरे आजही आहेत. तिथेही संकेत आकाशात असतो आणि निकाल माणूस देतो.

दोन कवी, एक गाव

पंचम स्थान प्रतिभा सांगते की नाही, हे तपासायला वेंगुर्ल्याने एक चांगले उदाहरण दिले आहे. कवी मंगेश पाडगावकर यांचा जन्मही वेंगुर्ल्याचाच, १० मार्च १९२९ चा. खानोलकरांच्या आधी एक वर्षाला दोन दिवस कमी.

भारतीय पद्धतीने पाहिले तर दोघांच्याही जन्मवेळी रवी कुंभ राशीत होता. शनी धनू राशीत होता. गुरू साधारण वर्षाला एक रास पुढे सरकतो, म्हणून पाडगावकरांच्या वेळी तो मेषेत आणि खानोलकरांच्या वेळी वृषभेत होता. गाव एक, भाषा एक, समुद्र एक, व्यवसायही एकच, कविता.

आणि आयुष्ये? पाडगावकरांचा पहिला संग्रह ‘धारानृत्य’ १९५० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी आला. पुढे त्यांच्या कवितेला गाणी, बोलगाणी आणि भरलेली सभागृहे मिळाली. साठ वर्षांहून अधिक काळ लोकांनी त्यांना प्रेमाने ऐकले. ३० डिसेंबर २०१५ रोजी, ८६ व्या वर्षी, ते गेले. पाडगावकरांची ओळख आयुष्यावर प्रेम करा असे सांगणारा कवी अशी झाली. खानोलकरांची ओळख काळोखाचा, शून्याचा आणि हुरहुरीचा कवी अशी झाली, आणि ते ४६ व्या वर्षी गेले.

ज्योतिषी यावर म्हणेल की रवी आणि शनीवरून काही ठरत नाही, लग्न पाहायला हवे. म्हणणे शास्त्राला धरून आहे. लग्नरास सुमारे दोन तासांनी बदलते आणि तिच्याबरोबर बाराही घरे फिरतात. ८ मार्च १९३० चाच दिवस घेऊ. त्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास जन्मलेल्या मुलाचे लग्न मकर, म्हणून पंचमात वृषभ आणि तिथे गुरू. सूर्योदयाला जन्मलेल्याचे लग्न कुंभ, म्हणून पंचमात मिथुन आणि स्वामी बुध. रात्री दहाच्या सुमारास जन्मलेल्याचे लग्न तूळ, म्हणून पंचमात कुंभ आणि तिथे रवी. तारीख एक आणि पंचम स्थाने तीन.

गंमत पुढे आहे. यातले कुठलेही घेतले तरी कवी सिद्ध करता येतो. पंचमात गुरू म्हणजे बुद्धी आणि ज्ञान. पंचमाचा स्वामी बुध म्हणजे भाषा आणि लेखन. पंचमात रवी म्हणजे तेज आणि नाव. उलट, कारक ग्रह स्वतःच्याच घरात बसला की त्या घराचे फळ कमी करतो असेही एक सूत्र आहे. म्हणजे पंचमातला गुरू वाईटही ठरवता येतो. आयुष्य आधी माहीत असले की पत्रिका नेहमीच बरोबर निघते. खरी परीक्षा आयुष्य माहीत नसताना असते.

तशी एक परीक्षा महाराष्ट्रात झालीही आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. निम्मी मुले शाळेत हुशार ठरलेली, निम्मी मतिमंद. बुद्धी हा पंचमाचाच विषय. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून कोणती कुठल्या मुलाची हे सांगितले. त्यांची उत्तरे सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवून सांगितले असते तरी ५० टक्क्यांच्या आसपास यश मिळाले असते.

याच किनाऱ्याचा आणखी एक सुपुत्र इथे आठवतो. मालवणला १९२९ मध्ये जन्मलेल्या जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ सुरू केले आणि पंचांग भिंतीवर आणून लावले. सण, तिथी, भरती-ओहोटीचा हिशेब ठेवायला पंचांग लागते, आणि कोकणातला दर्यावर्दी समाज ते आजही पाहतो. आकाशाचा तो हिशेब गणिताने पडताळता येतो. माणसाच्या प्रतिभेचा तसा पडताळता येत नाही.

प्रेम आणि राहून गेलेले

पंचमातला प्रणय हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर भेट, होकार आणि सुख येते. आरती प्रभूंच्या प्रेमकवितेत हे फार कमी आहे. तिथे प्रेम आहे, पण ते बहुतेक वेळा उशिरा कळलेले आहे. द्यायचे होते ते हातात राहिले आहे. समोरचे माणूस गेले आहे, किंवा आहे पण पूर्वीचे राहिलेले नाही. कवी तक्रार करत नाही. आपल्याकडूनच काहीतरी चुकले, वेळेवर दिले गेले नाही, याची त्याला खंत आहे.

हृदयनाथ मंगेशकरांनी त्यांच्या अनेक कवितांना चाली लावल्या. कविता वाचण्याच्या वाटेला कधी न जाणारी माणसेही ती गाणी गुणगुणतात. त्यातले कित्येक शब्द अवघड आहेत, अर्थ चटकन उलगडत नाही, तरी गाणे मनात राहते. कोकणातल्या एका खेड्यातल्या माणसाचा एकांत अशा रीतीने रेडिओवरून घराघरांत पोहोचला. ज्याला आयुष्यात स्थिर छप्पर मिळायला कष्ट पडले, त्याचे शब्द हजारो घरांत राहायला गेले.

देणे : मिळालेले की फेडायचे?

आता त्या पुस्तकाच्या नावाकडे येऊ. मराठीत देणे या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अर्थ देणगी. गळा ही देवाची देणगी म्हणतो तसे. दुसरा अर्थ कर्ज. वाण्याचे देणे बाकी आहे म्हणतो तसे. खाणावळ चालवलेल्या माणसाला दुसरा अर्थ पहिल्याइतकाच जवळचा असणार.

‘नक्षत्रांचे देणे’ म्हणजे नक्षत्रांनी दिलेले, की नक्षत्रांना फेडायचे? भाषा दोन्ही अर्थ एकत्र ठेवते आणि कवी त्यातला एक निवडून देत नाही. पंचम स्थानाचे पारंपरिक वाचन फक्त पहिला अर्थ घेते. पूर्वपुण्य आहे, म्हणून प्रतिभा मिळाली. खात्यात जमा आहे, आता खर्च करा. खानोलकरांचे आयुष्य दुसरा अर्थ दाखवते. जे मिळाले ते फेडावे लागते, लिहून, झिजून, कधी घरच्यांच्या वाट्याचे सुख कमी करून.

त्यांच्या तिन्ही संग्रहांची नावे एका ओळीत ठेवून पाहा. ‘जोगवा’ म्हणजे देवीच्या नावाने मागितलेली भिक्षा. ‘दिवेलागण’ म्हणजे दिवस संपून दिवा लावायची वेळ. आणि शेवटी ‘नक्षत्रांचे देणे’. आधी मागणे, मग सांज, मग रात्र आणि हिशेब.

हा शेवटचा संग्रह १९७५ मध्ये आला. त्यानंतर जेमतेम वर्षभरात, २६ एप्रिल १९७६ रोजी, मुंबईत खानोलकरांचे निधन झाले. १९७८ मध्ये ‘नक्षत्रांचे देणे’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तो घ्यायला कवी नव्हता. ‘चानी’ आणि ‘कोंडुरा’ हे चित्रपटही त्यांच्या मृत्यूनंतरच पडद्यावर आले. दोन वर्षांनी, १९८० मध्ये, वेंगुर्ल्याच्या दुसऱ्या कवीला, पाडगावकरांना, ‘सलाम’साठी हाच पुरस्कार मिळाला. एकाच गावच्या दोघांच्या खात्यात एकच मान जमा झाला, एकाच्या हातात आणि दुसऱ्याच्या नावावर.

मग पंचम स्थान पाहायचे की नाही?

ज्यांचा विश्वास आहे ते पाहतीलच. शास्त्रीय कसोटीवर ते टिकलेले नाही, एवढे लक्षात ठेवले तर त्यावरून कुणाचे शिक्षण, लग्न किंवा आईपण अडवले जाणार नाही. पाच वर्षांच्या मुलाची पत्रिका दाखवून त्याला कला आहे की नाही असे विचारण्यापेक्षा त्याच्या हातात कागद आणि रंग देणे सोपे आहे आणि स्वस्तही.

पण पंचम स्थानामागची कल्पना टाकून द्यावी अशी नाही. आपल्यातले काही आपण कमावलेले नसते, ते मिळालेले असते, हे मान्य केले की माणूस थोडा नम्र होतो. खानोलकरांनी त्यात एक पुढची पायरी जोडली. मिळालेले आहे म्हणजे कुणाचे तरी आहे, आणि ते परत करायचे आहे.

आज ‘नक्षत्रांचे देणे’ हे शब्द कवितेबाहेर पडून वाक्प्रचारासारखे वापरले जातात. मोठ्या कलावंतांना मानवंदना देणाऱ्या दूरचित्रवाणीवरच्या संगीत कार्यक्रमालाही पुढे हेच नाव मिळाले. तिथे अर्थ घेतला जातो तो देणगीचाच. दुसरा अर्थ ज्याला वाचायचा असेल त्याने वेंगुर्ल्याच्या बाजूला, दिवेलागणीला, एखाद्या राईजवळ थोडा वेळ थांबावे. समुद्राचा आवाज येतो, घरांत एकेक दिवा लागतो, आणि माडांच्या वर पहिली चांदणी दिसते.